पिंपाचं भांडण

'सुवर्णमध्य' ह्या शब्दावर माझा जुना राग आहे. मीटिंगमध्ये दोन पार्ट्या तासभर भांडतात. एक म्हणते जुनी सिस्टिम आहे तशीच ठेवा, दुसरी म्हणते सगळं पाडून नव्याने लिहा, आणि मग कोपऱ्यातला कुणीतरी सीनियर घसा साफ करून म्हणतो, "आपण सुवर्णमध्य काढूया ना." सगळे सुटल्यासारखे उठतात आणि चहाला जातात. सहा महिन्यांनी हातात काय येतं? जुन्यातले सगळे बग आणि नव्यातला सगळा खर्च.

शाळेत 'परंपरा आणि आधुनिकता' ह्यावर निबंध असायचा, आठवतोय? शेवटचा परिच्छेद ठरलेला: 'दोहोंचा योग्य समन्वय साधला पाहिजे.' दहापैकी सात मार्क पक्के. समन्वय म्हणजे नेमकं सोमवारी सकाळी उठून काय करायचं, हे ना आम्हाला माहीत होतं ना बाईंना.

पण हा शब्द खऱ्या अर्थाने जगलेला एक माणूस मला माहीत आहे. तो सॉफ्टवेअरवाला नव्हता, वाईन करणारा होता. लुचानो सांद्रोने, गाव बारोलो, इटली. आज त्याच्याबद्दल लिहायचंय. (आमच्या घरी वाईनला अजूनही सरसकट 'दारू'च म्हणतात, त्यामुळे आमच्या मातोश्रींना हे वाचून दाखवू नये ही विनंती.)

पण सांद्रोने कळायचा तर आधी भांडण कळायला हवं.

तोरिनोच्या दक्षिणेला, गाडीने तासाभराच्या अंतरावर, लांगे नावाचा टेकड्यांचा प्रदेश आहे. ऑनसाइटच्या कृपेने मी ऑक्टोबरच्या एका शनिवारी तिथे जाऊन आलोय. सकाळी दहापर्यंत काही म्हणजे काही दिसत नाही, इतकं धुकं. तिथल्या द्राक्षाच्या जातीचं नावच नेब्बिओलो, आणि ते धुक्यावरून, म्हणजे 'नेब्बिया'वरून, पडलं असं बरेच जण सांगतात. बारोलो आणि आजूबाजूची मिळून अकरा गावं, आणि तिथे निव्वळ ह्याच द्राक्षापासून केलेली वाईन, तिचं नाव बारोलो. दुसरं एकही द्राक्ष मिसळायला कायद्याने परवानगी नाही.

आणि नेब्बिओलो हे महाहट्टी द्राक्ष आहे. पिकतं सगळ्यात शेवटी. रंग फिका, म्हणजे बाटली उघडून ओतली की 'ही एवढी महाग आणि पाणी घातल्यासारखी दिसते?' असं वाटावं. पण तोंडात घेतलं की आंबटपणा आणि तुरटपणा दोन्ही एकदम अंगावर येतात. तुरट म्हणजे कसं? कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ टाळ्याला चिकटते ना, तसं. हा तुरटपणा सालीत आणि बियांत असतो. चहाची पावडर पाण्यात जितकी जास्त वेळ ठेवाल तितका चहा कडक. तसंच, साली रसात जितका वेळ राहतील तितकी वाईन कडक.

जुनी पद्धत अशी होती. रस आंबताना वर तरंगणारा सालींचा थर फळ्यांनी दाबून रसात बुडवून ठेवायचा, महिना-दीड महिना, कधी दोन महिने. मग ती वाईन काही हजार लिटरच्या अजस्र लाकडी पिंपांत भरायची. त्या पिंपांना म्हणतात बोत्ती. लाकूड बहुधा क्रोएशियाकडच्या स्लाव्होनियाचं, आणि पिंपं पिढ्यान् पिढ्या वापरलेली, म्हणजे लाकडाचा स्वतःचा वास कधीच निघून गेलेला. तिथे ती वर्षानुवर्षं पडून राहायची. तुरटपणा हळूहळू मवाळ व्हायचा. बाटलीत गेल्यावर आणखी दहा-पंधरा वर्षं थांबा. आजोबांनी करायची, नातवाने प्यायची, असा मामला.

चांगल्या वर्षी, चांगल्या हातांत, ही वाईन जगातल्या उत्तम वाईन्सपैकी एक असायची. पण दशकातली चांगली वर्षं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि चांगले हातही तसेच. बाकीच्यांची पिंपं आतून कुजकट, तळघरं अस्वच्छ, आणि वाईन उग्र. शिवाय बहुतेक शेतकरी वाईन करतच नसत. द्राक्षं घेऊन आल्बाच्या बाजारात उभे राहायचे आणि व्यापारी म्हणेल तो भाव घ्यायचे. नाशिककडच्या वाचकांना हे समजावून सांगायची गरज नाही. पोरं शेती सोडून तोरिनोला फियाटमध्ये जायची, नाहीतर आल्बातच फेर्रेरोच्या कारखान्यात (हो, तेच, न्यूटेलावाले). शेतात राहतो त्याला लग्नाला मुलगी मिळत नाही, हे वाक्य मला वाटायचं फक्त आपल्याकडचं आहे.

ह्या पार्श्वभूमीवर एलिओ अल्तारे नावाचा एक तरुण १९७६ साली फ्रान्समध्ये बर्गंडीला जाऊन आला. हॉटेलला पैसे नाहीत म्हणून गाडीतच झोपून. तिथे त्याने काय पाहिलं? आपल्यासारखेच छोटे शेतकरी, आपल्याएवढीच जमीन, पण घरं कशी, गाड्या कशा! वाईन स्वच्छ, सुवासिक, आणि ठेवलेली छोट्या नव्या ओकच्या पिंपांत, २२५ लिटरच्या. त्या पिंपाचं नाव बारिक. (मराठी माणसाने हे नाव एकदा ऐकलं की विसरायची सोय नाही. बोत्तीच्या शेजारी ते खरोखरच बारीक दिसतं.)

परत आल्यावर एलिओने बागेत कच्चे घड कापून जमिनीवर टाकायला सुरुवात केली, म्हणजे उरलेले नीट पिकावेत म्हणून. बापाच्या डोळ्यांसमोर. मग १९८३ साली त्याने करवत आणली, साखळीवाली, मोटरची, आणि बापाची जुनी पिंपं कापून काढली. त्या जागी बारिक आणली. बापाने त्याला वारशातून बेदखल केलं. १९८५ साली बाप वारला, समेट न होताच. पुढे एलिओला स्वतःच्याच घरची जमीन भावंडांकडून विकत घ्यावी लागली.

ही गोष्ट 'बारोलो बॉईज' नावाच्या २०१४ च्या माहितीपटात आहे आणि जगभरचे वाईनवाले ती मोठ्या कौतुकाने सांगतात. क्रांती, बंड वगैरे. मी ती माझ्या मामांना सांगितली. ते पिंपळगावचे द्राक्षबागायतदार, वाईनचा थेंब कधी घेतलेला नाही. घड कापून टाकले ह्यात त्यांना काहीच विशेष वाटलं नाही. "अरे, विरळणी केली नाही तर माल एक्स्पोर्टला घेईल कोण?" पण पिंपांचं ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पोरगं हुशार होतं, कबूल. पण बापानं ती पिंपं कशी घेतली असतील, ते विचारलं का रे कुणी?"

मला हे वाक्य अजून टोचतं. त्या माहितीपटातल्या क्रांतीच्या गोष्टीत मुलगा नायक आहे. बाप म्हणजे अडथळा. पण ज्या माणसाने भूक पाहिली आहे त्याच्यासाठी वेलीवरचा निम्मा माल कापून जमिनीवर टाकणं हे पाप आहे, आणि धडधाकट पिंप कापणं हा वेडेपणा. त्याची चूक एवढीच होती की जग बदललेलं त्याला दिसत नव्हतं. आणि मुलाची चूक, माझ्या मते, अशी होती की त्याला वाटलं दोष पिंपात आहे.

शेजारच्या बार्बारेस्को गावात ह्याच नाटकाचा सौम्य प्रयोग झाला होता. आंजेलो गाया ह्याने १९७८ साली नेब्बिओलोच्या उत्तम जागेत चक्क फ्रेंच काबर्ने सोव्हिन्यों लावलं. वडील रोज तिथून जाताना पुटपुटायचे, "दार्माजी." म्हणजे तिथल्या बोलीत 'अरेरे, काय हे!' मुलाने त्या वाईनचं नावच 'दार्माजी' ठेवलं. ती आज जगभर विकली जाते. बापाचा उसासा लेबलवर छापायला हिंमतही लागते आणि थोडं प्रेमही लागतं. अल्तारेंच्या घरी एवढी जागा उरली नव्हती.

ऐंशी आणि नव्वदच्या दशकात मग सरळ दोन तट पडले. नवे लोक: बारिक, नवं लाकूड, आणि सालींसाठी वॉशिंग मशिनच्या ड्रमसारखं आडवं फिरणारं स्टीलचं यंत्र. जे काम बापाला दीड महिना लागायचं ते चार-पाच दिवसांत. वाईन गडद, मऊ, व्हॅनिलाचा वास, आणि पाच वर्षांत पिण्याजोगी. अमेरिकेत ती धडाधड खपली. जुने लोक: ही वाईन आहे का फर्निचर? बारोलोतला म्हातारा बार्तोलो मास्कारेल्लो ह्याने तर हाताने चित्र काढून लेबल केलं: 'नो बारिक, नो बेर्लुस्कोनी.' म्हणजे बारिकही नको आणि तो टीव्हीवाला पंतप्रधानही नको. त्याच्या लेखी दोन्ही एकाच रोगाची लक्षणं होती. २००५ साली तो गेला, पण शेवटपर्यंत त्याच्या तळघरात बारिक आलं नाही. आता त्याची मुलगी मारिया तेरेसा तशीच वाईन करते.

आता इथे माझं मत, आणि ते दोन्ही बाजूंना आवडणार नाही. हे सगळं भांडण पिंपावरून झालं, कारण पिंप दिसतं. पाहुणा तळघरात आला की त्याला पहिल्यांदा पिंप दिसतं. फोटो पिंपाचा निघतो. लहान की मोठं, नवं की जुनं, एका नजरेत कळतं कोण कुठल्या पार्टीचा. पण बारोलो खरोखर सुधारली ती ज्या गोष्टींमुळे, त्यांचा फोटो काढण्यासारखं काही नव्हतं. वेलीवर घड कमी ठेवणं. पूर्ण पिकल्यावरच तोडणं. सडके मणी निवडून फेकणं. आंबताना तापमान आटोक्यात ठेवणं. आणि सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे तळघर धुणं. ह्यासाठी कुणी करवत उचलली नाही, कुणी लेबलवर घोषणा लिहिली नाही. आणि ह्यातल्या जवळजवळ सगळ्या गोष्टी जुन्यांनीही कालांतराने, फारसा गाजावाजा न करता, उचलल्या. १९८६ साली इटलीत कुणा नफेखोरांनी स्वस्त वाईनमध्ये मिथेनॉल मिसळलं आणि वीसहून जास्त माणसं मेली, तेव्हापासून तर 'स्वच्छ काम' हा चैनीचा विषय राहिलाच नाही.

आपल्या ऑफिसांत टॅब की स्पेस ह्यावरून मैत्री तुटते, आणि बॅकअप रिस्टोअर होतो का हे कुणी तीन-तीन वर्षं तपासलेलं नसतं. तोच प्रकार.

तर आता सांद्रोने.

ह्या माणसाकडे बापाची बाग नव्हती आणि बापाची पिंपंही नव्हती. पंधराएक वर्षांचा असताना तो तळघरात कामाला लागला आणि पुढे 'मार्केझी दि बारोलो' ह्या गावातल्या मोठ्या वाइनरीत नोकरी करत राहिला. पगारी माणूस. १९७७ साली आयुष्यभराची बचत मोडून त्याने कान्नुबी टेकडीवर एक तुकडा घेतला. ही टेकडी म्हणजे बारोलोची शान. १७५२ सालच्या एका बाटलीवर 'कान्नुबी' असं नाव लिहिलेलं आहे. नोकरी सोडणं शक्य नव्हतं, म्हणून बागेत काम फक्त शनिवार-रविवारी. पहिली वाईन १९७८ च्या द्राक्षांची, आईवडिलांच्या गॅरेजमध्ये केलेली. हे वाचून माझ्यासारख्या वीकएंडला साइड प्रोजेक्ट चालू करून तिसऱ्या रविवारी सोडून देणाऱ्याला जरा लाज वाटली, पण असो. १९८२ साली व्हेरोनाच्या 'विनइताली' प्रदर्शनात तो बाटल्या घेऊन गेला आणि तो सगळा माल एकदमच विकला गेला.

त्याची पद्धत बघा. सालींचं काम: दोन महिने नाही, पण फिरत्या ड्रममध्ये चार दिवसही नाही. वरून उघड्या, उभ्या टाक्यांत, बेताचे दिवस. यीस्ट बाजारातून आणलेलं नाही, बागेतलं आणि तळघरातलं, जे आपोआप येतं ते. इथे तो जुन्यांपैकी. तापमान, स्वच्छता, घडांची विरळणी ह्या बाबतीत तो नव्यांपैकी, आणि तेही अगदी कट्टर. आणि पिंप? ५०० लिटरचं, फ्रेंच ओकचं, ज्याला तिकडे तोन्नो म्हणतात.

'बघा, २२५ आणि ५,००० च्या मधलं! म्हणजे सुवर्णमध्यच की!' असं म्हणाल तर थांबा, कारण मीही कागद-पेन घेऊन बसलो होतो. पिंपाचा आकार सारखाच धरला तर लिटरमागे लागणारं लाकूड आकारमानाच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतं. ५,००० लिटरच्या बोत्तीत लिटरमागे एक एकक लाकूड धरा. बारिकमध्ये ते साधारण २.८ येतं. आणि ५०० लिटरच्या तोन्नोमध्ये? २.१५. म्हणजे हिशोबाने तोन्नो मध्यावर नाहीच, ते बारिककडेच झुकलेलं आहे! निव्वळ आकाराने सांद्रोने नव्यांच्याच टोळीत बसतो. फरक पडला तो दुसऱ्या गोष्टीने: तो दरवर्षी सगळी पिंपं नवी घेत नसे, थोडीच नवी आणि बाकीची आधी वापरलेली. लाकडाचा वास ओततं ते नवं पिंप. दोन-तीनदा वापरलेलं पिंप म्हणजे दोन-तीनदा बुडवलेली टी-बॅग. ते फक्त बारीकशी हवा आत येऊ देतं आणि तुरटपणा मवाळ करतं, स्वतः बोलत नाही.

मला ह्यात जे भावलं ते हे की त्याने दोन टोकांची सरासरी काढली नाही. त्याने एकेक गोष्ट वेगळी सोडवली. बारिकचे दोन गुण होते, वाईन लवकर मवाळ करणं आणि व्हॅनिलाचा वास देणं. त्याला पहिला हवा होता, दुसरा नको होता. बापाची पिंपं कापणाऱ्याने दोन्ही एकत्र घेतले, आणि लेबलवर घोषणा लिहिणाऱ्याने दोन्ही एकत्र नाकारले. बारिक ही एकच वस्तू नसून दोन वेगवेगळे परिणाम आहेत, हे बघायला भांडणाच्या बाहेर उभं राहावं लागतं.

आणखी एक उदाहरण, माझ्या सगळ्यात आवडीचं. बारोलोत पूर्वीपासून वेगवेगळ्या बागांची वाईन एकत्र करायची रीत होती: एका टेकडीचा सुवास, दुसरीचा दमदारपणा. एकाच बागेचं नाव लेबलवर टाकायची पद्धत तिथे तशी नवी, साठच्या दशकात सुरू झालेली. ऐंशीच्या दशकात तिची जोरदार फॅशन आली, कारण एकाच बागेच्या बाटलीला पैसे जास्त. सांद्रोनेनेही १९८५ पासून 'कान्नुबी बोस्किस' ही एका बागेची वाईन काढली आणि ती गाजली. पण १९९० च्या हंगामापासून त्याने दुसरी बारोलो काढली, 'ले विन्ये', म्हणजे सरळ 'बागा'. वेगवेगळ्या गावांतल्या बागांची, जुन्या रीतीने एकत्र केलेली. फक्त प्रत्येक बागेची द्राक्षं वेगळी आंबवायची, वेगळी मुरवायची, आणि एकत्र करायची ती नंतर. कल्पना आजोबांची, काम करायची शिस्त नातवाची. (प्रत्येक मॉड्यूल वेगळं टेस्ट करून मग इंटिग्रेशन. माफ करा, राहवलं नाही.)

ह्यावर एक आक्षेप आहे, आणि तो मला पूर्ण खोडून काढता येत नाही. मधला मार्ग म्हणजे दोन्हीकडच्या गिऱ्हाइकांना माल विकायची युक्ती, असं म्हणता येईल. नव्यांच्या यादीतही ह्याचं नाव, जुन्यांच्या यादीतही ह्याचं नाव. आणखी काय पाहिजे? पण मग ज्या वर्षांत एका बागेच्या नावाला सोन्याचा भाव होता, त्याच वर्षांत आपली दुसरी बारोलो अनेक बागांची आणि साध्या नावाची का काढायची? फक्त विकायचंच असतं तर आणखी एखाद्या टेकडीचं झकास नाव शोधलं असतं. १९८७ साली त्याला एका बागेत नेब्बिओलोचाच पण वेगळा दिसणारा एक वेल दिसला, घड बारके, साल जाड. त्याची कलमं करत, लावत, बघत बसला तो. त्याची पहिली वाईन २०१३ च्या हंगामाची, आणि बाजारात आली २०१९ ला. बत्तीस वर्षं! एवढी वाट बघणाऱ्याला मी निव्वळ हुशार सेल्समन म्हणू शकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. सांद्रोनेला हे जमलं कारण त्याच्यापुढे फोडायला किंवा जपायला काही नव्हतंच. मास्कारेल्लोला बापाची स्मृती जपायची होती, अल्तारेला बापाशी लढायचं होतं. सांद्रोनेकडे नोकरीचा पगार होता, गॅरेज होतं, आणि वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या तळघरात काय बिघडतं ते जवळून पाहिलेलं होतं. हे खरं आहे. आणि हेही खरं की अल्तारेसारख्यांनी मारामारी करून बाजार उघडला नसता, तर ह्या शांत माणसाच्या बाटल्या घ्यायला व्हेरोनाला कुणी आलं असतं की नाही, शंकाच आहे. मध्ये उभं राहायला दोन टोकं कुणीतरी आधी ओढून धरावी लागतात, आणि त्याची किंमत त्या टोकांनी मोजलेली असते. अल्तारेच्या घरी ती किंमत फार मोठी पडली. म्हणून 'बघा, सांद्रोने किती समंजस, आणि हे बाकीचे भांडखोर' असं मी म्हणणार नाही.

आज लांगेत जाल तर तट जवळजवळ विरघळलेले दिसतात. नव्यांपैकी बरेच जण परत मोठ्या पिंपांकडे वळले, सालींचे दिवसही वाढवले. जुन्यांच्या तळघरात चकचकीत स्टील आणि थर्मोमीटर आले. सगळे म्हणतात, शहाणपण आलं. थोडं आलंही असेल. पण एक कारण हवामानाचं आहे. पूर्वी नेब्बिओलो धड पिकतच नसे, म्हणून तुरटपणा अंगावर यायचा, म्हणून तो मवाळ करायला छोटं पिंप लागायचं. आता उन्हाळे इतके तापतात की द्राक्षं जवळजवळ दरवर्षी पिकतात, उलट साखर आणि मग अल्कोहोल जास्त होईल ही भीती. ज्या प्रश्नावरून बापलेक दुरावले, तो प्रश्नच अर्धा बाद झाला. कायद्याने बारोलोला आज किमान ३८ महिने मुरवावं लागतं, त्यातले १८ लाकडात. लाकूड केवढ्या मापाचं, ह्याबद्दल कायद्याला काही पडलेलं नाही.

आपल्याकडचं सांगायचं तर सोलापूर जिल्ह्यात अकलूजला इटालियन भागीदारांची 'फ्रातेल्ली' आहे. तिथे पिएरो मासी ह्या टस्कनीच्या वाइनमेकरने सांजिओवेजे हे इटलीचं द्राक्ष अकलूजच्या उन्हात रुजवलं, आणि त्यात काबर्ने मिसळून 'सेते' केली. इथे कुणाच्या वडिलांचं पिंप आड येत नव्हतं, सगळी पाटी कोरी. मला ती आवडते. पण कोऱ्या पाटीवर 'हे कशासाठी?' असं खडसावून विचारणारा म्हाताराही नसतो, आणि तो असता तर आपल्या वाईन्स जरा लवकर सुधारल्या असत्या असं मला राहून राहून वाटतं. मामांना एकदा अकलूजला घेऊन जायचा विचार आहे. पिणार नाहीत ते, पण प्रश्न नक्की विचारतील.

लुचानो सांद्रोने २०२३ च्या जानेवारीत गेला. वाइनरी आता मुलगी बार्बारा, भाऊ लुका आणि नातवंडं बघतात. नातवंडांची नावं अलेस्सिया आणि स्तेफानो. २०१३ च्या हंगामापासून त्याने आपल्या गाजलेल्या 'कान्नुबी बोस्किस'चं नाव बदलून दोघांच्या नावांचे तुकडे जोडले आणि 'अलेस्ते' केलं. एवढं प्रसिद्ध नाव सोडून द्यायला धंद्यातला कुणी तयार झाला नसता. आता त्या घरात पहिल्यांदाच बापाची आणि आजोबांची पिंपं आहेत. पाचशे लिटरची. त्यांचं पुढे काय होतं, हे बघायला मला आवडेल.

कुणी तोरिनो-मिलानकडे जाणार असाल आणि हे चाखून बघायचं असेल, तर एकदम बारोलो घेऊ नका. खिसा रिकामा होईल आणि जीभ टाळ्याला चिकटेल ते वेगळंच. आधी त्याचीच 'वाल्माज्जोरे' बघा. द्राक्ष तेच, नेब्बिओलो, पण नदीपलीकडच्या रोएरोतलं, हलकं, आणि किंमत बरीच बरी. अर्धा तास आधी उघडून ठेवा. आणि सोबत काहीतरी खा, नुसती पिऊ नका.